माझा अनुभव: लेकीची बूस्टर सीट

आमच्या गाडीत मागे बसलं की सीटबेल्टचा वरचा पट्टा लेकीच्या गळ्याला घासायचा. मग ती तो हळूच काखेखाली सरकवायची, नाहीतर सरळ पाठीमागे टाकून द्यायची. सात वर्षं पूर्ण झालेली, पाच पट्ट्यांची लहानपणीची सीट तिला होईना, आणि मोठ्यांचा बेल्ट अजून अंगाला बसेना. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, माहेर माझं नागपूरचं. कारंजा लाडहून समृद्धीवर चढलं की कारला १२० ची मुभा आहे. गावच्या रस्त्यावर जे खपतं ते तिथे खपत नाही, म्हणून मी हा विषय हातात घेतला.

गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या हाडांवर टेकतो, कमरेच्या आणि खांद्याच्या. सात वर्षांच्या मुलाचं कमरेचं हाड अजून तेवढं भरलेलं नसतं. त्यातून गुडघे सीटच्या काठापर्यंत पोचत नाहीत, म्हणून मूल पुढे घसरून बसतं आणि खालचा पट्टा कमरेवरून पोटावर चढतो. जोरात ब्रेक लागला, गाडी आदळली, की सगळा ताण त्या मऊ पोटावर: आतडी, यकृत, पाठीचा कणा. वरचा पट्टा काखेखाली असेल तर बरगड्यांवर. बूस्टर सीट एवढंच करते की मुलाला उंच बसवते आणि बेल्ट जिथे टेकायला पाहिजे तिथे आणते. धरून ठेवायचं काम गाडीच्या बेल्टचंच. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि पुढची निवड सोपी झाली.

घरी मात्र आधी वकिली करावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, इतकुशा पोरीले खुर्ची कायले? माह्या मांडीवर बसते नं ते." आता आमची लेक २१ किलोची. चाळीस-पन्नासच्या वेगातली गाडी झाडावर आदळली तर मूल स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोरानेही पुढे ओढलं जाऊ शकतं, म्हणजे चार क्विंटल कापूस एकदम हातात येण्यासारखं. सासूबाईंनी आयुष्यभर कापूस वेचलाय. क्विंटलचा हिशेब त्यांना मला समजावून सांगावा लागला नाही. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, वेगळं पटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, हे त्यांच्या लक्षात होतं. एवढ्या मोठ्या गाडीत हे होतं तर आपल्या सेकंडहँड गाडीचं काय, असं तेच म्हणाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. दंडाचं नाव काढलं की ह्यांनीही मान डोलावली. आमच्याकडे तो कुणाला झाल्याचं मी ऐकलेलं नाही, ही गोष्ट निराळी.

मग मापं. वजन कृषी केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, उंची दाराच्या चौकटीला पाठ लावून: ११७ सेंटिमीटर. वयावर जाऊ नका. ऑनलाइन खोक्यांवर "९ महिने ते १२ वर्षं" असं मोठ्या अक्षरात असतं, पण बारीक वाचलं तर त्यातल्या बऱ्याच सीटचे आतले पाच पट्टे १८ किलोपर्यंतच चालतात. पुढे ते काढून ती बूस्टरसारखीच वापरायची. म्हणजे आमच्या लेकीला त्या पट्ट्यांचा उपयोग शून्य, आणि पैसे त्यांचेही. त्याच पानावर सात-आठशे रुपयांत कापडी पट्ट्यांचा एक झोळीवजा प्रकार दिसतो, त्याला "कार सीट" म्हणतात. त्याकडे बघूही नका.

पाहायचं ते नारिंगी लेबल. सीटच्या मागे किंवा खाली चिकटवलेलं असतं. गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा, शेजारी आर४४/०४ किंवा नवीन असेल तर आर१२९, हे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा मानकांचे नंबर. आर४४ मध्ये वजन दिलेलं असतं, मोठ्या मुलांसाठी १५ ते ३६ किलो. आर१२९ मध्ये उंची, बहुतेक १०० ते १५० सेंटिमीटर. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२. लेबलच नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी उठायचं.

नुसती बैठक असलेला, पाठ नसलेला बूस्टर स्वस्त पडतो आणि उचलायला हलका. युरोपात २०१७ पासून नव्या मान्यता देताना तो १२५ सेंटिमीटर आणि २२ किलोच्या वरच्या मुलांसाठीच ठेवला. आमची दोन्हीत कमी. शिवाय ती गाडीत झोपते. पाठवाल्या सीटला डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असतात, झोपलेलं मूल बेल्टबाहेर लोंबकळत नाही, आणि खांद्याजवळ पट्टा अडकवायची खाच असते, बहुधा लाल रंगाची. त्यामुळे पाठवालीच घ्यायची हे ठरलं.

खरी गंमत आमच्या गाडीत निघाली. मागच्या सीटवर रेक्झिनचं कव्हर, तालुक्याला शिवून घेतलेलं, आणि मागच्या बेल्टची बकलं त्याच्या खाली गाडलेली. इतकी वर्षं कुणी काढलीच नव्हती. कव्हरचे हूक सोडले, हात घातला तेव्हा दोन बकलं, एक पाच रुपयांचं नाणं आणि मूठभर फुटाणे निघाले. ह्यांनी कव्हरला ब्लेडने चीर दिली आणि कडा शिवून घेतल्या. मधल्या जागी नुसता कमरेचा पट्टा आहे, खांद्याचा नाही; तिथे बूस्टर लावायचा नसतो. म्हणजे खिडकीजवळच्या दोनच जागा. सीट घेण्याआधी आपली गाडी अशी उघडून बघा, असं मी सगळ्यांना सांगते.

पार्सल आमच्या पिनकोडवर येत नव्हतं, आणि तसंही गाडीत बसवून पाहिल्याशिवाय घ्यायचं नव्हतं. नागपूरला एका दुकानदाराने खोकं उघडायलाच नकार दिला. दुसऱ्याने पोरगं सोबत दिलं, ते सीटा उचलून पार्किंगमध्ये आलं. पहिली दिसायला देखणी, पण बूड इतकं रुंद की बकल तिच्याखाली दबलं. बोटं घालून लेकीला स्वतः लावता येईना. दुसरीत वरचा पट्टा त्या लाल खाचेत अडकायचा: लेक पुढे वाकली की सुटायचा, मागे टेकली की ढिलाच राहायचा. तो आपोआप परत ओढला गेला पाहिजे, ही परीक्षा दोन-तीनदा करून बघा. तिसरी अरुंद होती. गाडीच्या हेडरेस्टमुळे तिची पाठ पुढे ढकलली जात होती, म्हणून हेडरेस्ट वर उचललं आणि पाठ सपाट टेकली. खालचा पट्टा दोन्ही हातांच्या खालून, मांडीच्या वरच्या टोकाशी. वरचा खांद्याच्या मधोमध, ना गळ्याला, ना दंडावर. कान पंखांच्या आत. साडेसात हजारांना ती घेतली. तिथेच चौदा हजारांचीही होती, पण आमच्या गाडीत ती नीट बसत नव्हती, मग महाग असून काय करायचं?

लेक आधी रुसली. "मी का लहान आहो?" पण उंच बसल्यावर खिडकीतून पऱ्हाटी दिसते, बैलगाडी दिसते, म्हटल्यावर गप्प झाली. सासूबाईंनी तिला "सरपंचाची खुर्ची" नाव ठेवलं. त्या नावाने भांडण मिटलं.

वापरताना उन्हाळ्याची एक गोष्ट कुणी सांगत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि बंद गाडीत बकलाचा धातू चटका देतो. गाडी कडुनिंबाखाली लावायची, सीटवर पांढरा दुपट्टा टाकायचा, आणि बसवण्याआधी बकल आपल्या हाताने चाचपून बघायचं. बसताना तो दुपट्टा काढून घ्यायचा. खाली उशी, घडी केलेला टॉवेल असलं काही राहू द्यायचं नाही, त्याने मूल घसरतं. सीट रिकामी असली तरी तिला बेल्ट लावून ठेवायचा, नाहीतर ब्रेक मारल्यावर ती पुढच्याच्या डोक्यात येते.

सीट कधी सोडायची, तर साधारण १४५ सेंटिमीटरच्या आसपास, तेही बेल्ट स्वतःहून खांद्यावर आणि कमरेवर बसला, पाठ मागे टेकवून गुडघे काठावर वाकले आणि सगळ्या प्रवासात ती तशी बसू शकली तरच. शाळेत कुणाकुणाला काय चालतं ते लेक रोज सांगते, पण चौकटीवरची रेघ अजून खूप खाली आहे.

दिवाळीत दिराचा मुलगा आला तेव्हा त्यालाही हीच सीट हवी होती. तो साडेचार वर्षांचा, १५ किलोला नुकताच पोचलेला. लेबलप्रमाणे चालला असता, पण पाच मिनिटं सरळ बसत नाही, पट्ट्यातून हात काढतो. जाऊबाईंना मी म्हटलं, याला १८ किलोपर्यंत पाच पट्ट्यांचीच राहू द्या. लेकीची जुनी सीट धुऊन, कुठे तडा नाही ना ते बघून त्यांना दिली. ती सीट लावलेली असताना गाडी कधी आदळलेली नाही हे मला माहीत होतं म्हणून दिली. अनोळखी माणसाकडून जुनी सीट मी घेतली नसती.