नाकापेक्षा रेडिएटर जड

एप्रिलमधला रविवार, साताऱ्याला निघालो होतो, बाहेर अडतीसच्या वर ऊन, एसी चालू, आणि खंबाटकी चढताना पुढे एक लोड केलेला ट्रेलर असा काही सरपटत होता की दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जायची सोयच नाही. अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा हलला. होंडाचा काटा एकदा मध्यावर आला की सहसा तिथंच चिकटून बसतो, ८० असो नाहीतर ९५, तो काय बोलायचा नाही, त्यामुळं तो हललाय म्हणजे आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. एसी बंद, काचा खाली, हीटर फुल्ल. हो, अडतीस डिग्रीत हीटर. हीटरचा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, एंजिनचं गरम पाणी नळ्यांतून फिरवून हवेनं गार करणारी जाळी, तेवढीच जरा उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. शेजारी बसलेले बाबा घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान, कारण सकाळीच डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन टाकताना मी त्यांना हसलो होतो.

बाबांच्या पिढीचं बरोबरच आहे म्हणा. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीला बोरघाटात शिंग्रोबापाशी थांबवून पाणी पाजल्याशिवाय खंडाळा यायचा नाही, रांगेने गाड्या बॉनेट वासून उभ्या असायच्या. पण ही गाडी वेगळी. २००२ ची सिटी, १.५ व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवर, बाबांनी नवी घेतलेली आणि आता माझ्या ताब्यात. आज १०६ म्हणजे काय हो, असं वाटेल, पण गाडी टनभराची आहे आणि वरच्या आरपीएमला व्हीटेक, म्हणजे होंडाची व्हॉल्व्ह जास्त उघडणारी सोय, उघडल्यावर जो आवाज येतो तो आजच्या टर्बोवाल्यांना नाही मिळायचा. मी त्यात ४-२-१ हेडर, म्हणजे एंजिनमधला धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप, टाकलाय आणि हवा आत घेणारं इनटेक बदललंय. हा हेडर लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

घरी आल्यावर मी काय केलं असेल? निदान वगैरे काही नाही, सरळ मोबाइल काढला आणि रेडिएटर शोधत बसलो. गाडी गरम झाली म्हणजे रेडिएटर छोटा पडतोय, मोठा टाकला की प्रश्न मिटला, इतकं सरळ. जुन्या सिव्हिकला बसणारे हाफ साइजचे फुल अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर मिळतात, आमच्या सिटीचाही हाफ साइजच आहे म्हणजे अर्ध्या रुंदीत रेडिएटर आणि बाजूला एसीचा वेगळा फॅन. कोयो, मिशिमोटो ही नावं जगभर चालतात पण मागवायचा खर्च आणि ड्यूटी धरली की गाडीच्या किमतीच्या मानाने वेडेपणा वाटतो. मग बिननावाचा एक दिसला. ५२ मिलिमीटर जाड कोअर, म्हणजे मधली नळ्यांची जाळी, चकचकीत पॉलिश, वेल्डिंगच्या रेषा फोटोत तरी सुंदर, साडेनऊ हजार. माझा ओरिजिनल मोजला तर १६ मिलिमीटर. तिपटीहून जास्त! घेतला.

आला. खोक्यातून काढून टेबलावर ठेवला तर बायको म्हणाली शोपीस म्हणून हॉलमध्ये ठेव. ते बोलणं पुढं खरं होणार होतं.

बसवायला गेलो तर पहिली अडचण पाइपची. माझे होज २८ मिलिमीटरचे, रेडिएटरची तोंडं ३२ ची. सिव्हिकमध्येच एंजिनप्रमाणे दोन्ही मापं येतात आणि ऑर्डर करताना कुठलं पाहिजे ते निवडायचं असतं, हे मला आता माहितीये. ते एक जमवता आलं असतं. पण आमच्या एंजिनात एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, म्हणजे रेडिएटरच्या तोंडासमोर आहे. कंपनीच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे हेडरच्या जागी आधी असलेल्या पाइपांवर, निदान पत्र्याचं शील्ड तरी होतं, माझा हेडर उघडाच. ५२ ची जाडी आणि त्याच्यामागे ओरिजिनल फॅन धरला तर फॅनची मोटार हेडरच्या पाइपला बोटभर अंतरावर येत होती. उपाय काय तर स्लिम फॅन. आणि स्लिम फॅन, निदान स्वस्तातला, ओरिजिनलपेक्षा कमी हवा ओढतो. म्हणजे जाड कोअर, ज्यातून हवा जायला जास्त जोर लागतो, आणि त्याच्यामागे कमी जोराचा फॅन. हायवेला ८० च्या स्पीडला चालून जाईल कारण तिथं वाराच काम करतो. पण मी गरम झालो होतो कुठं, घाटात, तीसच्या स्पीडला, ट्रेलरमागे. तिथं सगळी भिस्त फॅनवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं आणि मुळात गाडी गरम का होते ते बघू म्हटलं. आमच्या मेकॅनिक काकांचा पहिला सल्ला नेहमीचा, थर्मोस्टॅट (एंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारी झडप) काढून टाक, गाडी गार राहील. हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात मिळतं आणि फुकट मिळतं. काढायचा नाही. एंजिन गारच राहिलं तर ईसीयूला, म्हणजे एंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून वॉर्मअप चाललाय, पेट्रोल जास्त ओततो, झीज वाढते, आणि होंडामध्ये तर एंजिन पुरेसं तापल्याशिवाय व्हीटेक उघडतच नाही, म्हणजे ज्यासाठी गाडी ठेवलीये तेच गेलं. शिवाय थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तो फारसं काही अडवत नाही, त्यामुळं घाटातल्या तापमानासाठी तो काढायचा उपयोग जवळजवळ शून्य. तो अर्धवट अडकत असेल तर नवा टाका. पातेल्यात पाणी उकळून बघता येतं, माझा साधारण ७८ ला उघडायला लागला, ठणठणीत.

मग ७०० रुपयाची ती पिस्तुलासारखी थर्मामीटर गन आणली. गाडी गरम करून फॅन लागेपर्यंत उभी केली आणि रेडिएटरवर वरपासून खालपर्यंत फिरवली. वरचा पट्टा ९० च्या आसपास, मध्ये बरोबर, आणि खालच्या कोपऱ्यात एकदम ४५-५०. आता हे बघून वाटेल वा, छान गार करतोय, पण नाही. तेवढ्या नळ्यांमधून पाणी जातच नव्हतं, म्हणून त्या गार. रेडिएटरचा जवळजवळ चौथा हिस्सा मेलेला. कारण? वीस वर्षांत कुणी ना कुणी, कधी पेट्रोल पंपावर कधी बोअरवेलवर, साधं पाणी भरलेलं. बोअरच्या पाण्यातला क्षार आत बसतो, तोच जो गिझरच्या कॉइलवर पांढरा थर दिसतो ना, तो.

आणि एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढं बसणारी एसीची जाळी, सुटा करून पुढं ओढला तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये वीस वर्षांचा कचरा. माती, किडे, वाळकी पानं, एका प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, सगळं मिळून गोधडीसारखा थर झालेला. समोरून टॉर्च मारून काहीच दिसत नाही, कारण घाण मधल्या फटीत असते. फॅनची मोटारही ब्रश झिजल्यामुळं सुस्त झाली होती. इतकं सगळं असताना मी ५२ मिलिमीटर घेऊन बसलो होतो.

थोडा हिशोब सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या पॅरावर जा. पेट्रोल जळून जी उष्णता होते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद म्हणून मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते, आणि उरलेल्यातली बहुतेक कूलंटमधून, म्हणजे एंजिनमधून फिरणाऱ्या पाण्यातून. १०६ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७९ किलोवॅट. म्हणजे फुल पॉवरला साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरने फेकायची, घरातले २ किलोवॅटचे जवळजवळ चाळीस गिझर एकदम! पण रस्त्यावर फुल पॉवर कोण किती सेकंद वापरतो? ट्रॅकवर सलग लॅप मारणारा किंवा टर्बो बसवलेला माणूस, त्याला जाड कोअर खरंच लागतो आणि त्याच्याकडं वाराही भरपूर असतो. माझ्यासारख्याला लागते ती हवा.

आता परवडणारे पर्याय काय उरले. एक, आहे तोच रेडिएटरवाल्या चाचांकडं देऊन टाकी उघडून साफ करून घ्यायचा. चाचांनी बघितला आणि प्लास्टिकच्या टाकीला नख लावून दाखवलं, काळ्याची चॉकलेटी झालेली. बोलले, बेटा, इसको खोलूंगा तो ये वापस नहीं बैठेगा. प्लास्टिक असं रंग बदलायला लागलं की ते कडक झालेलं असतं, कधीतरी घाटातच तडकणार. चाचांचा सरळपणा मला आवडला, आठशे रुपये घेऊन हात झटकता आले असते त्यांना.

दोन, तांब्या-पितळेचा कोअर बनवून घ्यायचा. याचे भक्त खूप आहेत, आणि तांबं उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास पावणेदोनपट वाहतं हे खरंच आहे. पण रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या, नळी आणि फिन (नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या) यांच्यामध्ये सोल्डर, आणि ते सोल्डर तांब्याच्या मानाने मठ्ठ. अ‍ॅल्युमिनियममध्ये नळ्या रुंद ठेवता येतात, फिन त्यांना जास्त चिकटलेली राहते, वजन कमी. तांब्याचा खरा फायदा हा की बीडपासून सावंतवाडीपर्यंत कुठंही फुटला तरी डाग देणारा भेटतो. रोज खेड्यापाड्यात फिरणारी गाडी असेल तर मी तोच घेतला असता.

तीन, ओरिजिनलच्या मापाचा नवा, अ‍ॅल्युमिनियम कोअर, प्लास्टिक टाकी. दिसायला एकदम रटाळ. नाना पेठेत चार दुकानं फिरलो, दोघांनी "ती गाडी बंद झाली साहेब" म्हणून परत पाठवलं, तिसऱ्याने दुसऱ्याच मॉडेलचा गळ्यात मारायचा प्रयत्न केला, चौथ्याकडं मिळाला, ४,८००. मी जुना रेडिएटर रिक्षात टाकून बरोबर नेला होता आणि शेजारी ठेवून मोजला. खालच्या खुंट्या, वरचे ब्रॅकेट, पाइपची मापं, फॅनचे बोल्ट, ड्रेनचा नळ. असंच करा, मॉडेल आणि साल सांगून विश्वासावर आणू नका. काही गाड्यांत फॅनचा स्विच रेडिएटरलाच असतो, तसं असेल तर त्याचं भोक आहे का आणि आटे जुळतात का तेही बघा. आणि चाचांकडं पाण्याच्या टाकीत बुडवून दीड बारची हवा भरून दहा मिनिटं ठेवायला सांगा, शंभर-दीडशे रुपयात होतं. माझा चकचकीतसुद्धा गंमत म्हणून तपासला, तोही पास झाला, त्याच्यावर राग काढायचं कारणही उरलं नाही.

फॅनची मोटार नवी, १,९००. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या कडेच्या फटींना फोमची पट्टी, कारण हवा आळशी असते, फट मिळाली की कोअरमधून जायचे कष्ट घेत नाही. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच, ज्याला श्राउड म्हणतात, ते काही जण जागा अडते म्हणून काढून फेकतात. त्याच्याशिवाय फॅन फक्त स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे कोरडे. माझ्या श्राउडला तडा होता, तो शिवला. हो, शिवला, गरम खिळ्याने भोकं पाडून तारेने.

रेडिएटरच्या कॅपवर मात्र कंजूषपणा नको. १.१ बार दाब धरणारी कॅप म्हणजे पाण्याचा उकळबिंदू १०० वरून १२२ च्या आसपास जातो, कूलंट असेल तर अजून वर. स्प्रिंग मेलेली कॅप असेल तर रेडिएटर सोन्याचा टाका, पाणी उकळून रिझर्व्ह बॉटलमधून बाहेर येणारच. चकचकीतबरोबर जी कॅप आली होती तिच्यावर १.३ छापलेलं, वीस वर्षांच्या हीटर कोअरला १.३ द्यायची माझी हिंमत नाही. २५० रुपयाची नवी १.१ ची घेतली.

कूलंट डिस्टिल्ड वॉटरबरोबर, नळाचं पाणी नाही. आपल्याकडं गोठायची भीती नाही म्हणून मी ४० टक्के कूलंट ठेवलं, कारण उष्णता वाहून न्यायला पाणी ग्लायकॉलपेक्षा (कूलंटमधला मुख्य द्रव) चांगलं, ग्लायकॉल आणि त्यातली औषधं गंजासाठी आणि उकळबिंदूसाठी. अजून एक, मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी कूलंटमध्ये बुडवून, धातूला न लावता, गाडी आणि सगळे लाइट चालू ठेवून बघा. माझं ०.४ व्होल्ट आलं. एंजिनची अर्थिंगची पट्टी गंजली होती आणि करंट कूलंटमधून वाट काढत होता, असा करंट नवा अ‍ॅल्युमिनियम कोअर आतून खाऊन टाकतो. पट्टी बदलली, आता ०.०५.

आणि हे सगळं करायच्या आधी गार एंजिनवर कॅप उघडून गाडी चालू करून बुडबुडे बघा. सारखे येत राहिले तर हेड गॅस्केट (एंजिनच्या वरच्या भागाचं सील) गेलंय, मग रेडिएटरचे पैसे वाया.

मे महिन्यात परत गेलो. यावेळी वरच्या होजमध्ये सेन्सर टाकून वेगळा डिजिटल मीटर लावला होता. खंबाटकीला तसाच ट्रक पुढं, दोन होते खरं तर, एसी चालू, बाहेर ३९. आकडा ९७ पर्यंत गेला, फॅनच्या जोरावर ९२ वर आला, परत ९६. खामजाईच्या देवळापाशी थांबलो ते फक्त चहासाठी. बाबांनी तरीही उतरून बॉनेटवर हात ठेवून बघितला आणि काही बोलले नाहीत. कॅन डिकीत होताच.

तर ५२ मिलिमीटरवाला माळ्यावर आहे, एकदाही पाणी न बघितलेला, ३२ च्या तोंडाचा. एसी काढून टाकलेली जुनी सिव्हिक किंवा सिटी कुणाकडं असेल आणि हेडर आडवा येत नसेल तर सांगा. साडेसहा हजार, पुण्यातल्या पुण्यात येऊन न्यायचा. १.३ ची कॅप फुकट.