फुटलेल्या दुधाची आमटी

आमच्या घरात नारळाच्या दुधाबद्दल नियम एकच होता. ते फुटता कामा नये.

आई दुधं दोन काढायची. पहिलं दाट, दुसरं पातळ. काय शिजायचं ते पातळात, आणि दाट दूध अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या बेतात असताना. वर झाकण नाही, डाव हातातून सोडायचा नाही, कडेला पहिला बुडबुडा दिसला की पातेलं खाली. सोलकढीला तर आच दाखवायचीच नाही. एवढं करूनही कधी नजर चुकायची, रश्श्यावर पांढरे रवाळ कण तरंगायचे, तेलाचे ठिपके दिसायचे, आणि आई कोरड्या आवाजात म्हणायची, "फुटलं." त्या दिवशी जेवताना कोणी काही बोलायचं नाही.

म्हणून थाई पद्धतीची दाण्याची करी करायला शिकताना माझा हात पहिल्याच पायरीवर अडला. तिथे सुरुवातच दूध फोडण्यापासून होते. दाट दूध कढईत घ्यायचं, आच चांगली ठेवायची आणि फुटेपर्यंत थांबायचं. मग त्या सुटलेल्या तेलात करीचं वाटण परतायचं. वेगळं तेल लागतच नाही. थाई स्वयंपाकात याला स्वतंत्र नाव आहे, 'तैक मान'. तैक म्हणजे फुटणं, मान म्हणजे तेल, तूप, चरबी असं सगळं.

नीट पाहिलं तर आपल्याकडे वेगळं काय होतं? कांदा-खोबऱ्याचं वाटण परतताना कडेने तेल दिसायला लागलं की आपण खूश होऊन म्हणतो, "तेल सुटलं." तेच नारळाच्या दुधाचं झालं की "फुटलं." घटना जवळपास तीच, क्रियापदं मात्र दोन.

पहिल्या खेपेला माझं दूध फुटलंच नाही. खोक्यातलं आणलं होतं. दहा मिनिटं खदखदलं, आटलं, खिरीसारखं झालं, पण तेलाचा थेंब काही दिसेना. आयुष्यभर जे टाळायला शिकले, ते मुद्दाम करायला गेले तर तेही जमेना! मग खोक्याची बारीक अक्षरं वाचली. दूध एकजीव राहावं म्हणून त्यात ग्वार गम घातलेला होता. म्हणजे आपल्या गवारीच्या बियांपासून केलेली पूड. ज्या भाजीला मी लहानपणी नाक मुरडलं, तिने असा सूड घेतला. आता खोक्यातलं दूध असेल तर मी सरळ चमचाभर तेलात वाटण परतते आणि दूध मागून घालते. वेळ असेल तर मात्र नारळ खवते, कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवते आणि पंचातून पिळून घेते.

परवा आई रत्नागिरीहून चार दिवस आली होती, तेव्हा ताजं दूध होतं. कढईत आधी नुसता पांढरा फेस आला. मग बुडबुडे मोठे होत गेले, आवाज बदलला, खदखदीचं चुरचुरणं झालं. कड काचेसारखी दिसायला लागली, आणि तिथे तेलाचे मणी.

"अगं, गॅस बारीक कर, फुटतंय ते!"

"फुटू दे, आई."

"फुटू दे म्हणजे?" म्हणत तिने हात लांब करून गॅस बारीक केला. मी मोठा केला. तिने पुन्हा बारीक केला. शेवटी मी तिला दाणे सोलायला बसवलं.

पुढचं काम वीस मिनिटांचं. लाल करीची पेस्ट विकतची, दोन चमचे, तेल तांबडं होईपर्यंत परतायची. मग अर्धी वाटी दाण्याचं कूट. आपल्या खिचडीला लागतं तसं जाडसर नाही. दाणे खमंग भाजून, तेल सुटेपर्यंत वाटलेलं. मग पातळ दूध, लाल भोपळ्याच्या फोडी, फरसबी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. ते लोक ताडाचा गूळ आणि मिठाऐवजी माशांचं आंबवलेलं पाणी घालतात. माझ्याकडे ते नसतं, मी मीठ घालते.

गवती चहा कुंडीतला. यातही गंमत आहे. आपण पात कापून चहात टाकतो आणि बुंधा मातीत ठेवतो. ते बुंधा वाटतात. माझ्या कुंडीतले बुंधे पेन्सिलीएवढे, त्यामुळे मी पातीचीच गाठ मारून सोडते आणि वाढताना काढून टाकते.

आता याला थाई म्हणायचं का? माझ्या मते, जेमतेम. थायलंडात पानेंग करीच्या वाटणात दाणे कुटतात आणि ती दाटसर, अंगाबरोबर रस्सा असलेली असते. मासामान करीत बटाट्यासोबत अख्खे दाणे असतात. आणि साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांबरोबर जी दाण्याची चटणी देतात, तिच्यात नारळाचं दूध, करीचं वाटण, चिंच, गूळ सगळं असतं. माझी करी म्हणजे खरं तर तीच चटणी, पाणी घालून भाताजोगी केलेली. या तिघींची लांबची भाची म्हणा.

मासामान हे नाव 'मुसलमान'वरून आलं असं मानतात, आणि त्यात दालचिनी, वेलची, लवंग असे आपल्या ओळखीचे पाहुणे असतात. सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, राजा दुसरा राम, जो 1809 ते 1824 गादीवर होता, त्याच्या नावावरच्या एका काव्यात मासामानच्या जिऱ्याच्या वासाचं कौतुक आहे. जिऱ्याला तिथे म्हणतात 'यिरा'. थायलंडच्या ईशान्येकडे शेंगदाण्याला 'थुआ दिन' म्हणतात. थुआ म्हणजे शेंगेतलं कडधान्य, दिन म्हणजे माती. आपला भुईमूगच की. दाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, दोघांकडेही परका. पण त्याला जमिनीखालून उपटताना दोन्हीकडच्या लोकांना एकच गोष्ट सुचली.

आईने पेस्टची बाटली उघडून वास घेतला होता. "यात जवळा आहे." बरोबर होतं. थाई 'कापी' म्हणजे जवळ्यासारखीच बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, कुटलेली. शाकाहारी पाहुणे असतील तर बाटलीवरची यादी वाचल्याशिवाय ही पेस्ट घालू नये, हे मी एकदा ताटं वाढल्यावर शिकले आहे.

जेवताना आईने भातावर करी घेतली, कालवली, एक घास खाल्ला.

"ही तर एकादशीची दाण्याची आमटी."

"त्यात कुठे लसूण असते? आणि जवळा?"

"म्हणून म्हटलं. आंबट, गोड, तिखट सगळं तेच. फक्त उपास मोडणारी."

तिने पुन्हा भात घेतला. मी काही बोलले नाही. ताटलीच्या कडेला तांबडं तेल जमलं होतं, ते तिने भाताच्या शेवटच्या घासाने पुसून घेतलं.

रात्री ती मावशीशी फोनवर बोलत होती. मी ओटा आवरत होते. "हो गं, दाण्याची. नाही, नारळाच्या दुधातली. नाही नाही, तिचं दूध फुटलं," आणि मग आवाज जरासा खाली आणून, "पण बरी झाली होती."