‘एक क्वार्टर’ असं लिहिताना: एआरटी केंद्रावर व्यसनाबद्दल कसं विचारावं

एआरटी केंद्र म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र. तिथं महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेल्या माणसाला रांगेत उभं असताना ‘दारू पिता का?’ विचारलं, तर मान आडवीच हलणार. शेजारी भाऊ नाहीतर बायको उभी असते. आधी सोबतच्या माणसाला बाहेर बसवा. ‘हे सगळ्यांनाच विचारतो, यावरून गोळ्या बंद होत नाहीत,’ हे स्पष्ट सांगा. मग विचारा, ‘मामा, बसलात की किती होते?’

उत्तर येतं, ‘एखादी क्वार्टर.’ खरी चूक इथं होते, कारण कागदावर ‘एक’ लिहिलं जातं. क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या तेवढ्या दारूत सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ऑडिट-सी या दारूचं प्रमाण जोखणाऱ्या ३ प्रश्नांच्या चाचणीत १० ग्रॅमचं एक माप धरतात, म्हणजे ही ६ मापं झाली. फक्त बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा क्वार्टर घेणाऱ्याचे गुण असे: किती वेळा पितो याचे २, एका बैठकीत किती याचे २, ६ किंवा जास्त मापं किती वेळा होतात याचे ३, एकूण ७. ‘एक’ लिहिलं तर २ वरच थांबतात. पुरुषांत ४ आणि बायकांत ३ गुणांपासून पुढं सविस्तर विचारायचं असतं, म्हणजे हा माणूस हातचा सुटला. नाइंटी, क्वार्टर, खंबा ही मापं त्याच्याच शब्दांत घ्या आणि हिशोब आपण करा. हातभट्टीला लेबल नसतं, तिथं किती दिवस आणि किती ग्लास एवढं तरी नोंदवा.

बायकांना ‘तंबाखू खाता का?’ विचारून उपयोग नाही. ‘मावशी, दात कशानं घासता?’ विचारलं की मिसरी निघते. मिसरीला कुणी व्यसन म्हणत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘दारू पोटात असताना गोळी घेतली तर विष होतं’ हा समज फार खोल बसलाय. त्यामुळं माणूस प्यायच्या दिवशी गोळीच टाळतो आणि पुढं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वाढतो. टीएलडीचं, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेल्या एचआयव्हीच्या रोजच्या गोळीचं, दारूशी तसं वाकडं नाही. प्यायलेल्या दिवशीही गोळी घ्यायचीच, हे शब्द तोंडातून गेलेच पाहिजेत. संध्याकाळी बसणाऱ्याची गोळी सकाळच्या चहाच्या वेळी लावून द्या. सकाळी जळजळते म्हणून तो अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेतो का, तेही विचारा. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम टीएलडीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाला पोटातच बांधून ठेवतं. म्हणून गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची. टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड चालू असेल तर मात्र दारू लिव्हरवर उठते. भूक मेली, मळमळलं, डोळे पिवळे दिसले तर आयसोनियाझिड थांबवून त्याच दिवशी या, असं बजावा. रोज भरपूर पिणाऱ्याला ते सुरूच करू नये.

रोज पिणाऱ्याला ‘उद्यापासून बंद करा’ म्हणणं धोक्याचं आहे. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास होतात. अशाला भरती करूनच सोडवावं, आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं शिंदीचं वेगळं विचारा. सीमेपलीकडं तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलमसारखी औषधं मिसळल्याची प्रकरणं उघडकीस आली आहेत. ती शिंदी अचानक सुटली की फिट येते, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालं.

बीडकडची ऊसतोड कामगारांची टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर निघते. ही विचारपूस त्याआधीच्या भेटीत उरकायला हवी, कारण फडात दिवसभर राबून संध्याकाळी पिणं वाढतं आणि गोळ्यांची आठवण करून देणारं कुणी नसतं. कार्डावर गुण, तारीख आणि कारखान्याचं गाव लिहा. तिथलं जवळचं एआरटी केंद्र सांगून ठेवा. एचआयव्ही हेल्पलाइनचा १०९७ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही नंबर त्याच्या मोबाइलमध्ये, तो म्हणेल त्या नावानं, समोर बसून सेव्ह करून द्या.