माळा आवरताना

आज अख्खा दिवस माळा आवरण्यात गेला. खाली काढलेला पसारा बघून आधी धस्सच झालं होतं. पण संध्याकाळपर्यंत त्यातलं फारच थोडं कचऱ्यात गेलं, याचं मनापासून समाधान वाटतंय.

सगळ्यात जास्त वेळ कपड्यांनी खाल्ला. विरलेल्या सुती चादरींची पुसायची फडकी केली. सुती कापड पाणी टिपतं, पॉलिस्टर नुसतं पसरवतं, म्हणून त्याच्या चिंध्या उशीत भरल्या. जुन्या शर्टांची बटणं कापून डबीत ठेवली. बाबांचा निळा शर्ट हातात आला आणि कात्री थांबली. तो तसाच घडी करून परत ठेवलाय.

काचेच्या बाटल्या, बरण्या पुनर्वापरासाठी वेगळ्या काढल्या. ओव्हनमधलं तडकलेलं भांडं मात्र त्यांत टाकलं नाही. त्याची उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच बाटलीच्या काचेपेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे सगळी खेप खराब होऊ शकते. त्याचं धड असलेलं झाकण आता कुंडीखाली आहे, छान दिसतंय!

पोचे पडलेले ॲल्युमिनियमचे डबे भंगारात जातील. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा जुनं वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

एक काळजी सगळ्यांनी घ्या. जुन्या मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात तर अजिबात टाकू नका. ती पेट घेऊ शकते. आमच्याकडे तशी एक निघाली. उद्या पहिल्यांदा ती ई-कचरा घेतात तिथे द्यायची आहे.

फोटोंचं खोकं अजून उघडलेलं नाही.