मधल्या सुट्टीचे पत्र

गेल्या सोमवारी माझा आठ वर्षांचा मुलगा शाळेतून आला आणि बूट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. रात्रभर पाऊस पडलेला असूनही त्याच्या बुटांना चिखल नव्हता, म्हणजे तो दिवसभरात मैदानावर गेलेलाच नव्हता. विचारल्यावर "वर्कशीट राहिलं होतं" एवढेच म्हणाला. जेवताना हळूहळू कळले की तिसरीचा वर्ग सुरू झाल्यापासून आठवड्यातले तीन-चार दिवस असेच जातात: बाकीची मुले मधल्या सुट्टीत बाहेर पळतात आणि हा खिडकीजवळच्या टेबलाशी उरलेली गणिते सोडवत बसतो. त्याच्या शर्टाची उजवी बाही चावून चावून ओली झालेली होती. ती बाही मी महिनाभर धूत होते, पण कारण माझ्या लक्षात आले नव्हते.

त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि एका जागी स्थिर बसणे कठीण जाण्याची अवस्था, असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. डॉक्टरांनी एक प्रश्नावली आम्हाला आणि एक त्याच्या वर्गशिक्षिकेला दिली होती आणि दोन्हींवरच्या खुणा बहुतेक एकाच रकान्यात पडल्या होत्या. तरीही शाळेत भेटायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, की मुलगा हुशार आहे, वाचन उत्तम आहे, थोडे थांबून पाहू या. आम्ही तीन महिने थांबलो. बाई म्हणतील ते ऐकायचे, शाळेत जाऊन वाद घालायचा नाही, हे आम्हा दोघांच्याही हाडीमाशी खिळलेले आहे. ते तीन महिने माझ्या मुलाला परत मिळणार नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटी शेजारच्या गावात राहणाऱ्या एका मराठी मैत्रिणीने वाट दाखवली. "बोलू नकोस, लिही," ती म्हणाली. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पालकांनी मुलाच्या तपासणीची लेखी मागणी केली की शाळेला २० दिवसांच्या आत बैठक घ्यावी लागते. तोंडी बोलण्याला अशी कोणतीही मुदत नसते. दाराशी उभे राहून शिक्षिकेशी कितीही आपुलकीने बोललो, तरी ते बोलणे झालेच नाही असे इथे धरले जाते, ही गोष्ट मला अजूनही बोचते. पण मी लिहिले, बैठक झाली आणि मुलाला ५०४ आराखडा मिळाला. पुढच्या रांगेत जागा, एका वेळी एकच सूचना, परीक्षेला जादा वेळ आणि दोन तासिकांच्या मध्ये उठून फिरण्याची मुभा, इतके त्यात लिहिलेले आहे.

हा ५०४ म्हणजे १९७३ च्या एका कायद्याचे कलम. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगत्वामुळे कुणालाही डावलू नये, असे ते सांगते. कायदा झाला, पण त्याचे नियम चार वर्षे निघाले नाहीत. तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत अपंग माणसांनी ठाण मांडले, त्यातली कित्येक चाकाच्या खुर्चीवरची होती, आणि नियमांवर सही होईपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ ती तिथून हलली नाहीत. पुढे २००८ च्या दुरुस्तीने एकाग्रता आणि विचार करणे यांनाही या संरक्षणात स्पष्ट स्थान मिळाले. "मार्क चांगले आहेत" एवढ्या एकाच कारणाने मुलाला नाकारता येत नाही, हे मी दुसऱ्या बैठकीत ठामपणे म्हणू शकले, ते या लोकांच्या बळावर.

कराडच्या आमच्या शाळेत चौथीला माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. तो चुळबुळ करू लागला की बाई त्याला माठ भरायला पाठवत, ऑफिसातून खडू आणायला सांगत, तास संपल्याची घंटाही त्याच्याच हातून वाजत असे. इथे ज्यासाठी बैठक, सह्या आणि वेळोवेळी फेरतपासणी लागते, ते त्या बाईंना कुणी न सांगता कळत होते. मात्र पाचवीत दुसरे गुरुजी आले आणि तोच मुलगा वर्षभर कान धरून वर्गाबाहेर उभा राहिला. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. बाईंचे शहाणपण बाईंबरोबरच गेले, कारण ते कुठे लिहिलेले नव्हते.

"परत या, घरात माणसे आहेत, मूल आपोआप शांत होईल," असे सासरचे आणि माहेरचे दोघेही म्हणतात. त्यामागची माया मला कळते. पण आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. केवळ पगारासाठी आम्ही इथे राहिलो असे ज्यांना वाटते, त्यांनी हेही लक्षात घ्यावे. चांगल्या बाई भेटतील या आशेवर मी त्याचे शिक्षण सोडू शकत नाही.

अर्थात, लिहिलेले असूनही काय होते ते आता पाहिलेच. नव्या शिक्षिकेला आराखडा मिळाला होता, परंतु त्यात मधल्या सुट्टीचा शब्द नव्हता, आणि काम पूर्ण व्हावे या चांगल्या हेतूनेच त्यांनी त्याला आत बसवले असणार. ज्या मुलाला हालचालीनेच पुढचा तास झेपतो, त्याची हालचालच शिक्षा म्हणून काढून घेतली जात होती. या राज्यात पाचवीपर्यंतच्या मुलांना रोज किमान २० मिनिटे मधली सुट्टी देणे २०१८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि अपुरे वर्कशीट हे ती नाकारण्याचे कारण त्यात बसत नाही.

मंगळवारी रात्री मी पत्र लिहायला घेतले. पहिला मसुदा रागाचा होता. नवऱ्याने वाचून खाली ठेवला आणि म्हणाला, "यात त्यांची तक्रार आहे, आपला मुलगा कुठे आहे?" चौथ्या मसुद्यात मी त्याने सांगितलेले दिवस लिहिले, कायद्याचा उल्लेख एका ओळीत केला आणि ओल्या बाहीविषयी लिहिले. राहिलेली गणिते घरी पाठवावीत किंवा वर्कशीटवरची गणिते निम्मी करावीत, अशी विनंती केली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, सभ्य आणि थोडक्यात. गुरुवारी तो घरी आला तेव्हा मोज्यांपर्यंत चिखल होता आणि बाही कोरडी होती.

पुढच्या आठवड्यात आराखड्यात मधल्या सुट्टीची ओळ घालण्यासाठी बैठक आहे. पत्राची प्रत फाइलला लावून ठेवली आहे. या वेळी त्याच्या शिक्षिकेला मला एक गोष्ट मुद्दाम विचारायची आहे: मैदानावरून परत आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात तो वर्गात कसा असतो?