निवती ते वेंगुर्ला रॉक्स: बारा एक्सची दुर्बीण घरीच ठेवा

अंग अजून दुखतंय आणि डोकं तापलेलं आहे, तरी लिहून टाकतो. निवतीहून छोट्या फायबरच्या होडीतून वेंगुर्ला रॉक्सला, म्हणजे समुद्रातल्या त्या दीपगृहाच्या खडकांकडे जाणार असाल, तर दुकानदार म्हणेल ती दुर्बीण घेऊ नका. मला 'मरीन' म्हणून जी गळ्यात मारली तिच्यावर 12x50 (बारा पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 50 मिलिमीटरची) लिहिलं होतं, तांबूस चकचकीत काचा होत्या आणि पेटीवर नांगराचं चित्र. साडेसहा हजार रुपये घेतले. त्या किमतीत समुद्राचा भाग म्हणजे फक्त तो नांगर.

भोगव्याचा मुक्काम छान झाला. मासे, पोहणं, झोप. त्यावर लिहीत बसत नाही.

बंदरातून निघालो तेव्हा मतलई वारा होता आणि पाणी ताटासारखं. तेवढा वेळ त्या दुर्बिणीनेही बरं दिसलं. निवती किल्ल्याचं टोक मागे पडलं, लाटा आडव्या यायला लागल्या आणि खेळ संपला. बारा पट मोठं दिसतं म्हणजे हाताचा आणि होडीचा हादराही बारा पट मोठा होतो, हे विकताना कोणी सांगत नाही. डॉल्फिनचं पातं वर आलं की सगळे ओरडायचे, मी दुर्बीण लावायचो, आणि समोर नुसतं आभाळ, मग पाणी, मग पुन्हा आभाळ. पोटात ढवळायला लागलं ते वेगळंच. शेवटी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, म्हणाला, "तो डबो ठेवा बाजूक, डोळ्यांनी बगा." त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

पुढे एक लाट होडीच्या पुढच्या टोकावर फुटली आणि सगळ्यांवर तुषार आले. अर्ध्या तासात माझ्या दुर्बिणीच्या उजव्या नळीत आतून धुकं धरलं. बाहेरून कितीही पुसा, उपयोग शून्य. रॉक्सच्या खडपांवर सुरय पक्ष्यांचा गलका चालला होता, ते दीपगृह समोर उभं होतं, आणि मी एका डोळ्याने बघत होतो.

सोबतच्या काकांकडे जुनी, जड, काळी 7x50 होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि तिथेच निकाल लागला. होडी तशीच हलत होती, पण पक्षी चौकटीत राहत होता. 7x50 ला साधारण सात अंशांचं दृश्य मिळतं, म्हणजे एक किलोमीटरवर सव्वाशे मीटरच्या आसपास रुंदी. पातं दिसलं की ते पुन्हा सापडतं. दुसरं म्हणजे 50 भागिले 7, सात मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यावर येतो. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, मग एवढा कशाला? कारण होडी हलली, दुर्बीण जरा सरकली, तरी डोळा झोतातच राहतो. 12x50 ला हा झोत चारच्या थोडा वर असतो. 10 ते 30 झूमवाल्या तर होडीवर खेळणीच: तीसवर नेलं की दीड-पावणेदोन मिलिमीटर उरतो आणि काळोख होतो.

दुकानात हे तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा. डोळ्याकडच्या काचेत प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे. कडा कापल्यासारख्या, चौकोनी, राखाडी दिसल्या तर आतले प्रिझम (प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे) हलक्या प्रतीचे आहेत, परत द्या. चांगल्या दुर्बिणीवर बहुधा बीएके-4 असं प्रिझमच्या काचेचं नाव लिहिलेलं असतं, पण लिहिलेल्यापेक्षा ठिपक्यावर भरवसा ठेवा. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे काहीच नाही. 'वॉटरप्रूफ' आणि आत नायट्रोजन भरलेली, हे दोन्ही हवंच, नाहीतर खाऱ्या हवेत माझ्यासारखं धुकं पाहत बसाल. चष्मा असेल तर तो लावूनच पाहा. पूर्ण गोल दिसत नसेल तर ती तुमची नाही.

प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा लावायची सोय असलेली मिळाली तर उत्तम. समुद्रावर सगळं लांबच असतं, एकदा लावला की दिवसभर हात लावावा लागत नाही. आत होकायंत्र असलेलीचे पैसे मात्र होडी स्वतः चालवणाऱ्यानेच द्यावेत. तांडेल असताना तुम्हाला दिशा कशाला हव्यात?

एक सवलत देतो. 7x50 किलोभर वजनाची असते, मान मोडते. फक्त दिवसाउजेडी जाणार असाल आणि पन्नाशी उलटली असेल, तर नायट्रोजन भरलेली साधी 8x42 घ्या. त्या वयात अंधारातही बाहुली सात मिलिमीटर उघडत नाही, मोठ्या भिंगांचा तेवढा फायदा वाया जातो.

आता होडीत बसल्यावरचं. कोपरं होडीच्या काठावर टेकू नका, इंजिनाचा थरकाप थेट काचेत येतो. कोपरं छातीशी घ्या, कमरेतून डुला. पट्टा गळ्यातच. काही पाहायचं असेल तर इंजिन बंद करायला सांगा, तांडेल नाही म्हणत नाहीत. काचेवर खारं पाणी उडालं तर रुमालाने घासू नका, मीठ काचेवर चरे पाडतं. आधी बाटलीतलं गोडं पाणी ओता, मग पुसा.

पहाटे निघा आणि खारा वारा सुटायच्या आत परता. दुपारी त्या पट्ट्यात 7x50 सुद्धा कामाची नाही. आणि भाडं ठरवताना 'रॉक्सला पूर्ण वळसा घालून' असं स्पष्ट बोलून घ्या. नुसतं 'डॉल्फिन पॉइंट' ठरलं, तर किनाऱ्याजवळून फिरवून आणतील आणि रॉक्सचे पैसे वेगळे मागतील.