झोन बदल आणि आरक्षणाची सुनावणी: माझा अनुभव

विकास आराखड्यात जमिनीचा झोन, म्हणजे रहिवास, शेती असा तिचा ठरवलेला वापर, बदलायचा असेल किंवा तिच्यावर आरक्षण असेल, म्हणजे ती मैदान, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखली असेल, तर लोकांच्या हरकतींवर सुनावणी होते. सुनावणी म्हटलं की लोक कोर्टाच्या तयारीनं येतात. कोणी वकील घेऊन येतं, कोणी पन्नास माणसं. समोर बसलेल्या समितीला मात्र निकाल द्यायचाच नसतो. ती शिफारस करते, आणि शेवटची सही मंत्रालयातल्या नगर विकास विभागाकडून होते. अर्जदारांच्या बाजूनं आणि हरकतदारांच्या बाजूनंही या टेबलासमोर बसल्यावर माझं मत पक्कं झालंय की तुमचं काम त्या पाच-सात मिनिटांत होत नाही. हरकत बारनिशीत (कार्यालयाच्या आवक कक्षात) दिली त्या दिवशीच ते बरंचसं झालेलं किंवा बिघडलेलं असतं. त्यामुळे खाली भाषणापेक्षा कागदांबद्दल जास्त लिहिलंय.

आधी नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये वेगवेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येकीत ऐकणारा माणूस वेगळा असतो. संपूर्ण शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला असेल तर ती कलम २६ ची नोटीस. तिच्यावरच्या हरकती कलम २८ खालची नियोजन समिती ऐकते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. आराखडा मंजूर झाल्यावर एखाद्या जागेचा झोन बदलायचा किंवा आरक्षण वगळायचं असेल तर कलम ३७ चा फेरबदल. तिथे पालिकेची नोटीस निघते आणि सुनावणी सहसा आयुक्त, मुख्याधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी घेतो. जमीन प्रादेशिक योजनेत असेल, म्हणजे शहराबाहेरचा शेती किंवा ना-विकास विभाग, तर कलम २०. तिथे शासनाने नेमलेला नगररचना खात्याचा अधिकारी ऐकतो. कलम ३७ च्या सुनावणीत संपूर्ण आराखडा कसा चुकलाय हे सांगत बसलात तर अधिकारी मान डोलावतील, लिहून काहीच घेणार नाहीत. त्यांच्यासमोर तेवढाच एक तुकडा असतो.

मुदत साधारण ३० दिवसांची असते आणि ती राजपत्रातल्या नोटिशीपासून धरतात. वर्तमानपत्रातली जाहिरात कधी कधी चार-आठ दिवसांनी येते. जाहिरातीच्या तारखेपासून महिना मोजणाऱ्यांची हरकत उशिरा पोचते. उशिराची हरकत घ्यायची की नाही हे मग कार्यालयाच्या मर्जीवर राहतं.

माहिती अधिकाराचं गणितही इथेच फसतं. उत्तर द्यायला कायद्यानेच ३० दिवस दिलेत आणि हरकतीची मुदतही तेवढीच. म्हणजे पहिल्या दिवशी अर्ज टाकला तरी कागद हातात पडेपर्यंत खिडकी बंद. त्यापेक्षा नोटिशीत लिहिलेलं असतं की नकाशे व अहवाल कार्यालयीन वेळेत पाहायला ठेवलेत, त्याचा उपयोग करा. जाऊन बघा, फोटो काढू द्यायला सांगा, नकाशाच्या त्या भागाच्या प्रमाणित प्रतीसाठी लगेच फी भरा. माहिती अधिकाराचा अर्ज नंतर उपयोगी पडतो, समितीचा अहवाल मिळवायला.

कागदांत सगळ्यात आधी झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला तुमच्या जागेपुरता नकाशा. दोन्ही सोबतच मागा. दाखल्यावर नुसतं ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’ लिहिलेलं असतं. रेषा कुठून जाते ते फक्त भाग नकाशावर कळतं. मग सातबारा (डिजिटल स्वाक्षरीचा चालतो), ८अ (खातेउतारा), नावात गडबड असेल तर फेरफार (मालकी बदलाची नोंद), गावठाणाबाहेर गाव नकाशा आणि नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. भूमी अभिलेखची मोजणी झालेली असेल तर ‘क’ प्रत, म्हणजे त्या मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा, हा तुमचा सगळ्यात वजनदार कागद. नसेल तर ३० दिवसांत ती होणं कठीण. अर्ज करून त्याची पोच तरी जोडा.

गट नंबर आणि सर्व्हे नंबर यांचा घोळ हा हरकती बाद होण्याचा किंवा भलत्याच जागेवर ऐकल्या जाण्याचा मोठा कारखाना आहे. ज्या गावांत एकत्रीकरण योजना (जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची) राबवली गेली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आराखड्याचा आधार असलेला नकाशा कधी जुन्या नंबरांचा असतो, सातबारा नव्या. हरकतीत दोन्ही नंबर लिहा आणि जुन्या-नव्या नंबरांचा उतारा जोडा. पोटहिस्सा असेल तर तोही. ‘सर्व्हे नंबर ४२’ एवढंच लिहिलंत आणि त्याचे अकरा हिस्से असतील, तर टेबलावरचा सर्वेअर नकाशावर बोट कुठे ठेवणार?

क्षेत्राबाबतही तसंच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, लोक बोलतात गुंठ्यात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा साधारण १०१. फरक किरकोळ वाटतो, पण अर्जात एकीकडे ४० आर आणि दुसरीकडे एक एकर लिहिलं की चार हजार आणि चार हजार सत्तेचाळीस असे दोन आकडे फाइलमध्ये येतात आणि टिपणी लिहिणारा ‘क्षेत्रात तफावत’ असा शेरा मारून मोकळा होतो. सगळीकडे चौरस मीटर लिहा. जमिनीतून रस्ता जात असेल तर नुकसान मोजून दाखवा: १२ मीटर रुंदीचा रस्ता प्लॉटमधून ६० मीटर गेला की ७२० चौरस मीटर गेले. ‘आमची बरीच जमीन जाते’ या वाक्याला कोणी उत्तर देत नाही, ७२० ला द्यावं लागतं.

नकाशाच्या रेषेबद्दल एक गोष्ट फार कमी लोक धरतात. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर पाच मीटरची होते. म्हणजे झोनची हद्द किंवा रस्त्याची कड तुमच्या घराच्या भिंतीवरून जाते की अंगणातून, हे त्या नकाशावरून सांगताच येत नाही. अशा वेळी मोजणी नकाशावर आराखड्याची रेषा बसवून घ्या. हे काम परवानाधारक आर्किटेक्ट किंवा सर्वेअरकडून सही-शिक्क्यासह करून हरकतीला जोडा. समितीपुढे सगळ्यात जास्त वेळ कशाकडे बघितलं जातं तर या एका कागदाकडे. ए-३ आकार पुरे. तुमची हद्द लाल, आराखड्याची रेषा निळी, जवळचा ओळखीचा रस्ता आणि उत्तर दिशा दाखवलेली. बाकी रंगरंगोटी नको.

हरकतीचा मसुदा दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. विषयाच्या ओळीत नोटिशीचा क्रमांक, तारीख, आरक्षण क्रमांक, गट नंबर. मग वस्तुस्थिती. मग कारणं. शेवटी नेमकी मागणी. ‘आराखडा रद्द करावा’ ही मागणी नाही, राग आहे. ‘आरक्षण क्रमांक अमुक, गट अमुकच्या पश्चिमेकडील ९०० चौरस मीटर क्षेत्रातून वगळून ते रहिवास विभागात दाखवावं’ ही मागणी. मुख्य मागणी मान्य होणार नाही असं वाटत असेल तर ‘पर्यायाने’ म्हणून दुसरी लिहा. जे हरकतीत लिहिलं नाही ते सुनावणीत मांडलंत तर ‘नवा मुद्दा’ म्हणून बाजूला पडण्याची शक्यता असते.

छापील हरकतींबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. एकच मजकूर, हजार सह्या. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या; एवढ्या हरकती एकेक करून कोण ऐकणार? सारखा मजकूर असलेल्या एकत्र गठ्ठ्यात बांधतात, एका प्रतिनिधीला बोलायला देतात. राजकीय दबावासाठी संख्या कामाची असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये चौफेर टीकेनंतर बाजूला ठेवून फेरतयार करावा लागला होता. पण एका प्लॉटची रेषा पाच मीटर सरकवायची असेल तर गठ्ठ्याचा उपयोग नाही. तिथे नकाशासह स्वतंत्र हरकतच लागते. मैदान वाचवायचं असेल तर दोन्ही करा: एक गठ्ठा आणि त्याबाहेर पूर्ण आधारासह दोन-तीन हरकती.

कोणती कारणं चालतात? ज्यांना नकाशावर किंवा सरकारच्याच कागदात आधार आहे ती. विद्यमान जमीन वापर नकाशात तुमची वापरात असलेली इमारत मोकळी जागा दाखवली असेल तर मंजूर बांधकाम नकाशा आणि कर आकारणीचा उतारा जोडा. ही चूक समितीला मान्य करायला सोपी जाते, कारण त्यात कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीला रहिवास विभाग मागणारा अर्ज मी तरी कोणाला करायला सांगणार नाही. टेकडीचा उतार १:५ पेक्षा तीव्र असेल तर समोच्च रेषांचा (सारखी उंची जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा एकटाच पुरेसा बोलतो. ‘पैसे खाऊन आरक्षण टाकलं’ असं म्हणण्याने मात्र काहीच साधत नाही. खरं असलं तरी ते मांडायची जागा ही नव्हे, आणि टिपणी लिहिणारे हात तिथेच आखडतात.

आरक्षण हलवा असं सुचवत असाल तर पर्यायी जागा त्याच भागातली, तेवढ्याच क्षेत्राची आणि पोहोच रस्ता असलेली दाखवा. एक धोका लक्षात असू द्या. त्या जागेचा मालक तुमचा नवा हरकतदार होतो, आणि बदल मोठा ठरला तर कलम २९ खाली पुन्हा नोटीस काढून पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

हरकत देताना दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पत्ता पिनकोडसह आणि चालू मोबाइल नंबर लिहा. सुनावणीचं पत्र त्याच पत्त्यावर जातं. जमीन सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या, नाहीतर एकाच्या नावे अधिकारपत्र. नुसती ‘व इतर’ एवढी सही असेल तर नेमका सही न केलेला चुलतभाऊ सुनावणीला येऊन उलटं बोलतो.

सुनावणीच्या दिवशी ओळखपत्र, पोच आणि जोडलेल्या सगळ्या कागदांची दुसरी प्रत न्या, कारण तुमची हरकत त्यांच्या गठ्ठ्यात सापडेलच असं नाही. हजेरीपटावर सही केली की थांबणं. नंबर लागल्यावर बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच असतो: ‘तुमची जागा दाखवा.’ नकाशा त्यांच्या बाजूने सुलटा ठेवा, आपल्या बाजूने नाही. जागा, अडचण, मागणी, बस. मग लेखी म्हणणं द्या आणि त्याच्याही प्रतीवर पोच घ्या. समोरचा लेखनिक सारांश लिहीत असेल तर सही करण्याआधी वाचा. ‘हरकतदार यांनी हरकतीप्रमाणे म्हणणे मांडले’ एवढंच असेल तर महत्त्वाचा मुद्दा घालायला सांगा. कलम ३७ मध्ये तुमची जमीन थेट बाधित असून तुम्हाला नोटीसच आली नसेल तर ती गोष्ट त्याच दिवशी लेखी नोंदवा. पुढे उच्च न्यायालयात गेलात तर न्यायालय नियोजनाच्या शहाणपणात फारसं शिरत नाही, प्रक्रिया पाळली का ते बघतं.

झोन बदल मागणाऱ्यांनी, म्हणजे अर्जदारांनी, सुनावणीआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पोहोच रस्ता कागदावर आहे का. वहिवाटीचा पाणंद रस्ता आहे एवढ्याने भागत नाही. जमीन भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) आहे की २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी). वर्ग २ असेल तर परवानगीचा वेगळा मामला आधी सोडवा. आणि पालिकेचा ठराव नोटिशीशी तंतोतंत जुळतो का. ठरावात एक क्षेत्र, नोटिशीत दुसरं, असं झालं की हरकतदाराला आयतंच कोलीत मिळतं. कलम ३७ मध्ये नोटीस राजपत्रात आल्यापासून एका वर्षात प्रस्ताव शासनाकडे जावा लागतो, नाहीतर तो व्यपगत होतो, म्हणजे आपोआप संपतो. म्हणून सुनावणी झाली की फाइलचा पाठपुरावा सोडू नका. मंजुरी मिळाली तरी शासन अधिमूल्य (प्रीमियम) लावू शकतं, ते वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून (रेडी रेकनर) निघतं. त्या पैशांचा हिशेब आधीच धरा.

काहीजण सुनावणीतच ‘आरक्षणाला इतकी वर्षं झाली, आता सोडा’ असं मागतात. तो कलम १२७ चा विषय आहे: अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाल्यावर मालकाने पालिकेला खरेदी सूचना (जमीन विकत घ्या अशी लेखी नोटीस) द्यायची, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत. ती सूचना स्वतंत्र द्यावी लागते, मालकीच्या कागदांसह. सुनावणीत तोंडी बोललेलं सूचना म्हणून धरत नाहीत.

अधिसूचना निघाली की तिच्यातलं परिशिष्ट उघडून आपला गट नंबर, क्षेत्र आणि अटी वाचा. बातमीवर विसंबू नका. नंतर झोन दाखला आणि भाग नकाशा नव्याने काढा. अधिसूचनेतला बदल मूळ नकाशावर चढवायला कार्यालयाला वेळ लागतो, आणि मधल्या काळात काढलेल्या दाखल्यावर जुनाच झोन येतो. तसं झालं तर अधिसूचनेची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा, बांधकाम परवानगीचं प्रकरण त्यानंतर टाका.